सावंगीले नेलं

संक्रांतीच्या दिवशी मला कुणाशीही गोड बोलायचं नव्हतं, म्हणून मी पहाड चढायला गेलो. एकटा.

कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझा मोठा भाऊ. सणाच्या दोन-तीन दिवस आधी त्याने मोबाईलवर आपला आवाज पाठवला. वर्षभरात पहिल्यांदाच. चहाचा कप हातात धरून मी तो ऐकला आणि कप ओट्यावर आपटला. "संक्रांतीले येतो दुपारून. आईले वर्ष झालं. घरी राहाजो. दाराले कुलूप दिसलं त समजून घेईन. पुन्हा तुह्या घरी पाय नाई ठेवणार." ना राम राम, ना कसा आहेस. सरळ धमकी. आणि दादा बोलला म्हणजे तसंच करतो. काकांशी त्याचं एकदा बिनसलं ते बिनसलंच. त्यांच्या मयतीला फाटकापर्यंत गेला आणि उलट्या पावली परत आला. तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता, कुलूप लावायचं की नाही. लावलं तर भाऊ संपला.

बायको नागपूरला होती, लेकीच्या बाळंतपणासाठी. तिला फोनवर सांगितलं तर तिने एका वाक्यात निकाल लावला. "भाऊजी स्वतःहून येऊन राह्यले, दोन लाडू हातावर ठेवा अन् मोकळे व्हा." मी म्हटलं, बघतो. माझं ‘बघतो’ म्हणजे नाही, हे तिला एवढ्या संसारात कळलेलं आहे. "बघा मंग," म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी मी कुलूप लावलं. लावल्यावर ओढून पाहिलं, नीट बसलं ना. ओढताना मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

आमच्या देवळी गावात सूर्य उगवायच्या आधीच पोरं पतंगी घेऊन गच्चीवर चढली होती. नायलॉनच्या मांज्याने गळे कापल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, म्हणून मानेला मफलर आणि त्यावर बायकोचा दुपट्टा गुंडाळला. डोळे सोडून काही दिसत नव्हतं. तरी समोरच्या बाईंनी ओळखलंच. रांगोळी टाकता टाकता ओरडल्या, "कुठी चालले सर सणाच्या दिवशी? एकटेच?" निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारू नये, एवढी साधी रीत, पण लोकांच्या जिभेला हाड नाही. मी गाडीचा आवाज वाढवला आणि उत्तर दिलं नाही.

थंडी अशी होती की हँडलवरची बोटं माझी आहेत की नाहीत ते कळेना. वर्धा शहर ओलांडलं आणि धुकं लागलं. पवनारजवळ धाम नदीच्या पुलावर तर समोरच्या ट्रॅक्टरचा फक्त लाल दिवा दिसत होता. दादाचं घर पवनारला, अगदी रस्त्यावर. खाली कृषी केंद्राचं दुकान, वर बिऱ्हाड. मला जायचं होतं सेलूच्या पुढे, आणि तिकडे जायला दुसरा सोयीचा रस्ता नाही. म्हणजे ज्याला टाळायचं त्याच्याच दारावरून जायचं.

दादा अंगणात होता. बनियनवर स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात फडकं. मोटरसायकल पुसत होता. माझ्याकडे यायचं म्हणूनच पुसत असणार, एरवी तो गाडीला पाणी दाखवत नाही. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. दुपट्ट्याआड त्याला मी ओळखू आलो नाही. पुस, म्हटलं. भरपूर पुस.

मला एवढा राग का, ते सांगतो. आई गेली ती मागच्या पौषात. ती दादाकडे राहायची. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर देहदानाचा अर्ज भरून मोकळी झाली. "जाळून राख करण्यापरीस डाक्टरकीची पोरं शिकतीन त बरं. मेल्यावरबी वर्ग सुटत नाई माहा," म्हणायची आणि स्वतःच हसायची. त्याला माझी हरकत नव्हती. आजही नाही. मास्तरीण होती, मास्तरणीसारखी गेली.

माझं भांडण दोन शब्दांचं आहे. आमच्या जिल्ह्यात ‘सावंगीले नेलं’ याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छातीत दुखलं, सावंगीले नेलं. साप चावला, सावंगीले नेलं. सुनेला कळा सुरू झाल्या, सावंगीले नेलं. तिथे मेडिकल कॉलेज आहे, त्याचा मोठा दवाखाना आहे. सावंगीले नेलं म्हणजे भरती केलं. माणूस जिवंत आहे, खाट मिळाली आहे, आता डबा घेऊन भेटायला जा. आईलाही दम्यापायी पूर्वी नेलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी ती नर्सांना नावं ठेवत घरी परत आली होती.

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. "आईले सावंगीले नेलं," तो म्हणाला. मी विचारलं, "येऊ का आताच?" तो म्हणाला, "आता येऊन काय करतं? सकाळी ये." मी बरं म्हटलं. बस, एवढंच बोलणं. मी जेवलो. झोपलोही.

सकाळी डबा घेऊन गेलो. मुगाची पातळ खिचडी, वर तूप, सोबत मोसंबी. खिडकीवर आईचं नाव सांगितलं तर भरती यादीत नाव नाही म्हणाले. लिहिताना चुकले असतील, असं समजून मी बायकांच्या वॉर्डांतून हिंडू लागलो. तोंडावर पांघरूण घेतलेल्या म्हाताऱ्या वाकून वाकून पाहिल्या. एकीने शिवी दिली. दादा फोन उचलत नव्हता. शेवटी वहिनीने उचलला. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कोठी शोधून राह्यले आईले? आई गेल्या न. काल दुपारीच. त्याइचा देह देला सावंगीले."

मी तिथेच जिन्यात बसलो. मांडीवरचा डबा अजून गरम होता. कुणाला भेटावं, काय विचारावं, एकदा तोंड पाहू द्या म्हणावं, काही सुचलं नाही. सुचलं ते एकच. उठलो आणि पवनारला गेलो, भांडायला.

"सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो. "सांगतलं न! सावंगीले नेलं म्हटलं न!" तो म्हणाला. त्याच्या घरात आई स्वतःच उठता-बसता म्हणायची, "मले सावंगीले नेऊन टाकजा, रडत नोका बसजा." त्यामुळे पवनारच्या घरी त्या शब्दांना एक अर्थ आणि देवळीच्या घरी दुसरा. पण हे समजून घेईल तो दादा कसला? माणसांनी भरलेल्या घरात मोठ्याने म्हणाला, "मराठीचा मास्तर तू, अन् तुले मराठी नाई समजत?" मी म्हणालो, "मेली म्हणायला तोंड शिवलं होतं का तुझं?" तेरवीच्या पंगतीत मी भरल्या पानावरून उठलो. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

माझ्या आईला मी लाकडं दिली नाहीत, तिची राख धामेत सोडली नाही, तिचं तोंड पाहिलं नाही. दोन शब्दांपायी. आणि आता हा गाडी पुसून गोड बोलायला येणार.

पहाडाच्या पायथ्याच्या गावात पोचलो तेव्हा धुकं फाटत होतं. या गावात आई शिक्षिका होती. आम्हा दोघा भावांचं लहानपण इथल्याच धुळीत गेलं, आणि हा पहाड आम्ही दर महाशिवरात्रीला चढायचो, वरच्या महादेवाला. पहाड काही मोठा नाही. हिमालय पाहून आलेला माणूस याला उंचवटा म्हणेल. पण देवळीकडचं सारं रान भाकरीसारखं सपाट, त्यामुळे बोर धरणाच्या अंगाला जमीन जराशी उचलली तरी आम्ही तिला पहाड म्हणतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा दुरूनही साजरा नाही. मळकट, खुरटा, अंगावर जागोजागी खरूज झाल्यासारखे मुरमाचे पट्टे.

गाव मला ओळखेना आणि मीही गावाला ओळख दिली नाही. टपरीवर चहा मागितला तर चहावाल्याने आधी चौकशी मांडली. कोण, कुठले, कोणाकडे. वर जातो म्हटल्यावर त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं.

"एकटेच? नोका जाऊ, साहेब. मांगच्या हप्त्यात वाघानं वगार मारली तिकडं. संगं दोन-चार जण घ्या."

"माझ्या संगतीला कुणी येत नाही," मी म्हणालो.

"मंग वाघ येईन," तो म्हणाला आणि टपरीवरचे सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो. चहात साखर इतकी होती की तोंड चिकटलं. संक्रांत म्हणून असेल.

शाळेच्या भिंतीला गाडी टेकवून निघालो. हरभऱ्याच्या बांधावरून जाताना दवाने पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली आणि बूट जड झाले. पुढे रान लागलं. लहानपणी इथून मळलेली वाट होती. आता वर जायला पलीकडून सिमेंटचा रस्ता झालाय म्हणे, लोक गाडीने जातात, आणि जुनी वाट रानतुळस आणि रायमुनियाने गिळली. मी हट्टाने जुन्याच वाटेने घुसलो. गाडीने देवाला जाणं मला जमत नाही, आणि त्या दिवशी मला सोपं काही नकोच होतं.

मग कुसळं लागली. पावसाळ्यात जे गवत हिरवंगार असतं तेच हिवाळ्यात कंबरभर वाढून वाळतं, आणि त्याच्या टोकाची कुसळं कपड्यांतून आत शिरतात. शिरतात ती पुढेच जातात, मागे येत नाहीत. मोज्यातून, पँटमधून, पार कातडीत. दहा पावलं चालायचं, थांबायचं, उपटायचं. उपटून टाकावं तर बोटात घुसायचं. मी त्या गवताला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. पंचावन्न वर्षांचा मास्तर, वर्गात ‘मूर्खा’ म्हटलं तरी पालक तक्रार घेऊन येतात, आणि इथे उघड्या रानात मी गवताला शिव्या देत होतो. मजा आली, खोटं कशाला बोलू.

चढ सुरू झाला तसा मुरूम पायाखालून घसरू लागला. धरायला जावं तर नेमकं बोरीचं झुडूप. सागाची पानं वाळून ताटाएवढी पडलेली, पाय पडला की असा कडाका व्हायचा की मागून कुणी चालत येतंय असं वाटे. दोनदा मी वळून पाहिलं. वाघाचा विचार मनात नव्हता असं नाही. पण वाघ आला तर त्याला काय म्हणायचं याची मी जी तयारी केली होती, ती सगळी खरं तर दादाला म्हणायची होती. चढता चढता मी त्याच्याशी भांडतच होतो. तुझ्या घरात होती म्हणून ती तुझी झाली का? मला एक शब्द नीट सांगता आला नाही तुला? दुकानात बियाण्याच्या थैलीवरची बारीक अक्षरं शेतकऱ्याला वाचून दाखवतोस, आणि सख्ख्या भावाला कोड्यात सांगतोस? प्रत्येक प्रश्नाला मी त्याच्या आवाजात उत्तरही देत होतो आणि ते उत्तर खोडूनही काढत होतो. जिंकत मीच होतो. दम मात्र मलाच लागत होता.

अर्ध्याच्या वर गेल्यावर एक सपाट खडक आहे. तिथे माकडांचा कळप बसला होता, उन्हाला. मी खडकावर टेकायला गेलो तर एका दांडग्या नराने दात दाखवले. मी काठी उचलली तर तो दोन पावलं पुढे आला. शेवटी मीच वळसा घालून गेलो. माझ्या लहानपणच्या खडकावर मला बसायला जागा नव्हती. गुडघा दुखायला लागला होता, घामाने बनियन चिकटलं होतं आणि त्यावरून गार वारा लागत होता. इथून परत फिरावं असं वाटलं. पण परत फिरलो असतो तर दुपारपर्यंत घरी पोचलो असतो, आणि मला नेमकं तेच नको होतं.

देवळाच्या खालच्या वळणावर ती म्हातारी भेटली. बोरीच्या झुडपाशी वाकून बोरं वेचत होती, पदराची खोळ करून. माझी चाहूल लागली तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण होय रे? चोरवाटेनं काऊन येऊन राह्यला? रस्ता दिसत नाई का?"

मी म्हणालो, जुनी वाट ही, चोरवाट नव्हे. त्यावर तिने माझ्याजवळ येऊन डोळे बारीक करून पाहिलं. मी दुपट्टा काढला.

"तू मास्तरीनबाईचा होय न? लहाना? नाक तेच हाये."

मी हो म्हणालो. मग मलाही ओळख पटली. आमच्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीला भिंत लागून हिचं घर होतं. आई शाळेत गेली की आम्ही हिच्या ओसरीत असायचो आणि ही आम्हाला बदडायची.

"मोठा कुठी हाये?"

"आहे. पवनारला."

"तो बरा होता. तू रडका. काटा टोचला का बसे फतकल मारून." तिने माझ्या पँटला चिकटलेली कुसळं पाहिली आणि तोंडाने च्यक केलं. "आताबी तसाच दिसून राह्यला. एकटाच आला का?"

"एकटाच."

"अन् बाई? बाई कशी हाये?"

मी तोंड उघडलं. आता सांगायचं, एवढंच होतं. वर्षभर मी हे सगळ्या जगाला सांगत आलो होतो, की भावाने मला नीट सांगितलं नाही, की मेली असं सरळ म्हणायला काय जड होतं. समोर एक म्हातारी उभी होती. तिचे डोळे पाणावलेले, वाऱ्याने असतील, आणि ती माझ्या आईचं बरं ऐकायला थांबली होती.

"सावंगीले नेलं," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेल्यावर ऐकू आले. आणि तेही वऱ्हाडीत. एरवी मी ‘ले’ लावत नाही. ते माझं बोलणं नव्हतंच, ते दादाचं होतं.

"अवं माय!" म्हातारीने कपाळाला हात लावला. "दमाच न? होईन बरी. डाक्टर चांगले हायेत तिथले. माह्या नातवाचा मोडला पाय तिथंच जोडला, आता फटफटी चालवते." मग तिने पदराच्या खोळीत हात घातला, निवडून निवडून पिकली बोरं काढली आणि माझ्या ओंजळीत ओतली. "हे ने तिले. लय आवडते तिले इथले बोरं. म्हणजो, मी याद करून राह्यली."

मी ओंजळ धरून उभा होतो. आताही सांगता आलं असतं. मावशी, आई मेली. वाक्य सोपं आहे, तीन शब्दांचं. पाचवीच्या पोराला व्याकरण सोडवायला देता येईल इतकं. ते जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. हिला आत्ता सांगितलं तर हिच्या तोंडाचं काय होईल, ते मला पाहायचं नव्हतं. त्यापेक्षा बोरं घेणं सोपं होतं. "देतो," मी म्हणालो. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, लहानपणी मारायची त्यापेक्षा हलकी, आणि खाली उतरून गेली, सिमेंटच्या रस्त्याच्या बाजूने.

मला तिचा राग आला. मग पहाडाचा आला, मग त्या बोरांचा. तेवढे राग पुरले नाहीत तेव्हा स्वतःचा आला, आणि तो पुरला. देवळापर्यंतचा शेवटचा चढ मी कसा चढलो ते आठवत नाही.

देवळात कुणी नव्हतं. दाराला जाळी, जाळीला साखळी. आत महादेवाच्या पिंडीवर कालची सुकलेली फुलं. मी ओट्यावर बसलो. खाली धरणाचं पाणी शिशाच्या पत्र्यासारखं निपचित पडलं होतं. एक बोर तोंडात टाकलं. आंबट, आणि आत अळी. थुंकलं.

वर वारा होता आणि मोबाईलला रेंज होती. खिशात तो लागोपाठ वाजू लागला. शाळेच्या ग्रुपवर तिळगुळाची चित्रं, हसऱ्या लाडवांची, पतंगांची. गोड बोला, गोड बोला, गोड बोला. ती सगळी मी न पाहता पुसली. दादाचं काहीच नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं. तो पोचला असणार. कुलूप पाहिलं असणार. कदाचित परत फिरलाही असेल. आणि दादा एकदा परत फिरला की फिरला.

मी फोन लावला. वाजत राहिला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, उचलू नकोस, आणि उचल, दोन्ही एकदमच. शेवटच्या क्षणी उचलला.

"हां."

"कुठे आहेस?"

"तुह्या दारात. कुलूप पाहून राह्यलो." आवाज थंड. "आता निघून राह्यलो. तुले सांगतलं होतं म्या."

मागे पोरं पतंग कापल्याचा गलका करत होती, ओ काट, ओ काट. माझ्या गल्लीतलीच पोरं. मला त्याला शिवी द्यायची होती, वर्षभर साठवलेली. चढताना जी जी वाक्यं घोटली होती ती सगळी तयार होती. त्यातलं एकही आलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "आई मेली."

पोरं ओरडत राहिली.

"आई मेली रे," मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी माझा आवाज फाटला.

"आज सांगून राह्यला का मले?" तो म्हणाला. कडकच म्हणाला, पण शेवटचा शब्द नीट लागला नाही.

"आपण कुणीच म्हटलं नाही ना ते. तूही नाही, मीही नाही. म्हणता येत नाही. आत्ता कळलं मला."

मग तो बोलायला लागला, सावकाश, भांडणाचा सूर न सोडता. "तू फोनवर रडला नाई त्या दिवशी. मले वाटलं, समजलं याले. सहन करून राह्यला. मी आता येऊन काय करतं म्हटलं, त तू बरं म्हटलं अन् ठेवला फोन. माय मेली अन् पोरगं बरं म्हणते. तरी म्या रातभर फाटकाले कडी नाई लावली. तुही वहिनी म्हणे, कुत्रे येतीन, लावा. म्हटलं, राहू दे, लहाना येईन. नोको म्हटल्यानं कोणी थांबते का? आपली माय मेली, तो सकाळची वाट कायले पाहीन? रातभर मी त्या फाटकाकडं पाहून बसलो. अन् सकाळी तू आला त भांडाले आला."

पहाडावर वारा एवढा होता की मला फोन दोन्ही हातांनी कानाला दाबून धरावा लागला. वर्षभर मी मनातल्या मनात त्याला एकच गोष्ट विचारत होतो, का सांगितलं नाहीस. त्याची रात्र कशी गेली हे मी विचारलं नव्हतं. विचारणं मला सुचलंच नव्हतं. आईचं तोंड मला दिसलं नाही, हे खरं. त्याला दिसलं, आणि ते त्याने एकट्याने पाहिलं.

"ठेवतो," दादा म्हणाला. "निघतो आता."

"थांब," मी म्हणालो. "मीटरच्या डब्यात मागच्या बाजूला किल्ली आहे. काढ. कुलूप उघड अन् आत बस. मी पहाडावर आहे, उतरायला वेळ लागेल. पण मी येईपर्यंत जाऊ नकोस."

डब्याचं झाकण कुरकुरल्याचा आवाज आला. मग किल्ली खाली पडल्याचा.

"नाई जात," तो म्हणाला.